दोन माणसांचा तंबू

मित्रांनो, मी दोन माणसांचा एक जुना तंबू आहे. माझा निळा रंग आता उडाला आहे आणि एका काठीला तार गुंडाळलेली आहे. मला बोलता आलं असतं, तर ही गोष्ट मी एका थंडीच्या संध्याकाळी एका मुलीला ओरडून सांगितली असती. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पावसाचा थेंब आत शिरू नये म्हणून माझ्या कापडावर गुळगुळीत थर दिला गेला आणि प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवली गेली. डोक्यावर मात्र जाळीचा एक झरोका ठेवला होता. आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत, एवढंच त्याचं काम. मला तेव्हा तो झरोका आवडत नसे. सगळा देह कसा घट्ट आणि डोक्याला भोक, असं वाटायचं.

मला लालासाहेबांनी विकत घेतलं. ते लष्करातून निवृत्त होऊन पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या गावी परत आले होते. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, त्याला तिथले लोक सडा म्हणतात. त्या सड्यावर त्यांनी आम्हा तंबूंची रांग लावली. पवनचक्क्यांचे लाल दिवे डोंगराआड गेल्यामुळे तिथे काळाकुट्ट अंधार असे आणि त्या अंधारात आकाश अगदी खाली उतरल्यासारखं दिसे. चांदण्या बघायला पुण्याहून, सांगलीहून, मिरजेहून माणसं येत.

"दिवा लावायचा न्हाई," लालासाहेब आल्याआल्या सगळ्यांना बजावत. "मोबाईल खिशात. डोळ्याला अंधाराची सवय हू द्या, मग बघा."

मग लोक ताडपत्रीवर उताणे पडत आणि बोलायचं विसरत. आकाशगंगा पहिल्यांदा पाहून एक आजोबा लहान मुलासारखे रडले होते. लालासाहेबांची बायको रंगूबाई पिठलं-भाकरी करत आणि पाहुण्यांना "पोटभर खावा, थंडी वाजंल" म्हणून आग्रहाने वाढत. ते दिवस फार चांगले होते.

हिवाळ्यात सड्यावरचा वारा बोचरा असतो. पाहुणे तक्रार करू लागले की वरच्या जाळीतून गार वारा येतो. लालासाहेबांनी मला पाटणला नेलं आणि एका शिंप्याकडून त्या झरोक्यावर जाड रेक्झिनचा तुकडा शिवून घेतला. त्या हिवाळ्यात माझं कौतुक सुरू झालं. "हा निळा तंबू लय ऊबदार हाय," असं लोक म्हणत आणि येण्याआधी फोन करून मलाच मागून घेत. मित्रांनो, मी फुगून गेलो होतो. वाऱ्याला आत येऊ न देणं हाच आपला मोठेपणा, असं मी समजून बसलो.

डिसेंबरात उल्कावर्षाव असतो. त्या वर्षी तो पाहायला सांगलीच्या एका कॉलेजची मुलं आली. मी साक्षी आणि रेश्मा या दोघींच्या वाट्याला आलो. साक्षी पलूसची. तिचे वडील भाऊसो ऊस करतात. ती भूगोल शिकत होती आणि घराबाहेर रात्र काढायची तिची ही पहिलीच वेळ. रेश्मा तिची वर्गातली मैत्रीण.

दिवस मावळला तसं साक्षीने माझ्या दारात बसून वडिलांना फोन लावला.

"आण्णा, हितं आत्ताच किती चांदण्या दिसाय लागल्यात! तुमी उसाला पाणी पाजायला जाल तवा वर बघा."

"बघतो की. स्वेटर घातलास का?"

"घातलाय ओ. आईला सांगा, काळजी करू नको म्हणावं."

जेवणं झाली. थंडी वाढत चालली. साक्षीची बोटं इतकी गारठली की तिला वही धरता येईना. रंगूबाईंनी ते पाहिलं. चुलीतले लाल निखारे त्यांनी लोखंडी शेगडीत भरले, शेगडी आणून माझ्या दाराबाहेर ठेवली आणि म्हणाल्या, "शेका हात. पण आत न्यायची न्हाई हां, पोरींनो."

"का ओ, काकू?"

"कापडाला आच लागंल. पेटलं म्हंजी?"

मित्रांनो, रंगूबाईंना तेवढंच माहीत होतं. त्यांचा जन्म कौलारू घरात गेला. तिथे कौलांच्या फटीतून धूरही जातो आणि हवाही येते. विस्तवाशेजारी त्या आयुष्यभर झोपल्या होत्या. विस्तव जाळतो, एवढं त्या जाणत होत्या. तो न जाळताही मारू शकतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मुलींनी उल्का पाहिल्या. एकेक रेघ आकाशात उमटली की सगळा सडा ओरडायचा. साक्षीचा आवाज सगळ्यांत वरचा. मग वारा सुटला आणि दोघी कुडकुडत आत आल्या. शेगडीत निखारे अजून फुललेले होते.

"आत घ्यायची का?" रेश्मा म्हणाली. "कापड पेटंल म्हणाल्यात त्या."

"कापडापासनं लांब ठेवू," साक्षी म्हणाली.

ती बेफिकीर नव्हती. तिने बाहेरून एक सपाट दगड आणला, मधोमध ठेवला आणि त्यावर शेगडी ठेवली. माझ्या भिंतीला हात लावून ती तापत नाही ना, हे तपासलं. आग लागलीच तर हाताशी असावी म्हणून पाण्याची बाटली उशाशी ठेवली. मग वारा येऊ नये म्हणून दाराची चेन ओढून घेतली. ज्या संकटाबद्दल तिला सांगितलं होतं, त्याची तिने पुरेपूर काळजी घेतली होती.

निखाऱ्यांना धूर नव्हता. धूर असता तर त्या खोकत उठल्या असत्या. निखारे जळतात तेव्हा त्यांतून एक विषारी वायू निघतो आणि बंद जागेत तो साठत जातो, त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात शिरतो आणि माणसाला गाढ, गोड झोप लागल्यासारखं वाटतं. बाहेर जायला त्याला वाट हवी होती. माझ्यात ती नव्हती. वरचा झरोका शिवलेला होता आणि मी सगळीकडून घट्ट होतो.

मी दोघींचे श्वास ऐकत होतो. ते हळूहळू लांबत गेले. मग एकीचाच येऊ लागला.

सकाळी लालासाहेब चहा घेऊन आले. हाक मारली, पुन्हा मारली. मग त्यांनी चेन उघडली आणि त्यांच्या हातातली किटली खाली पडली. त्यांनी दोघींना ओढून बाहेर काढलं आणि जीपमध्ये घालून कऱ्हाडला नेलं. रेश्मा दाराकडे डोकं करून झोपली होती. तिथे चेनच्या खालच्या टोकाशी बोटभर फट होती, तेवढ्या हवेवर ती वाचली. साक्षी वाचली नाही.

पोलिसांनी मला घडी करून नेलं. एका पत्र्याच्या खोलीत मी बरेच दिवस पडून राहिलो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. सगळ्यांचे जबाब झाल्यावर मला परत दिलं, तेव्हा सड्यावर एकही तंबू उभा नव्हता. लालासाहेबांनी मला गोठ्यामागे टाकून दिलं. कधी ते माझ्यासमोर उभे राहत, खिशातून काडेपेटी काढत आणि पुन्हा ठेवून देत. रंगूबाई तर माझ्या बाजूला फिरकतही नसत.

उन्हाळ्यात एक माणूस एसटीने आला आणि घाट चालत वर चढला. पांढरी टोपी, पायात धुळीच्या चपला. लालासाहेबांनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि ते उठून उभे राहिले. ते साक्षीचे वडील भाऊसो होते.

"माझी पोरगी जिथं निजली हुती," भाऊसो म्हणाले, "ती जागा मला बघायची हाय."

लालासाहेबांनी मला उचलून सड्यावर त्याच जागी नेलं. इतक्या वर्षांत मला उभारताना त्यांचा हात कधी चुकला नव्हता. त्या दिवशी काठ्या खोबणीत बसेनात. एक काठी मोडली, तिला त्यांनी तार गुंडाळली. मी उभा राहिल्यावर भाऊसो वाकून आत आले आणि त्यांनी चेन लावून घेतली. जमिनीवर हात फिरवत ते बसून राहिले. बाहेर भणभण वारा होता. आत हवा जागची हलत नव्हती.

घामाने निथळत ते बाहेर आले. "आत वाराच येत न्हाई," ते म्हणाले.

"वरची जाळी मीच शिवून घेतली," लालासाहेब म्हणाले. "पावण्यांना थंडी वाजती म्हणून. तुमी मला काय बी बोला."

 भाऊसोंनी रंगूबाईंकडे पाहिलं. त्या मागोमाग येऊन सड्यावरच खाली बसल्या होत्या.

"तुमी तिला काय सांगितलं हुतं, बाई?"

"आत नेऊ नका म्हणलं हुतं. का म्हणून इचारलं तिनं. मी म्हणलं, कापड पेटंल." रंगूबाईंचा आवाज फुटला. "मला दुसरं काय ठावंच न्हवतं ओ. डाक्टरनं सांगितलं तवा कळलं."

भाऊसोंनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"मला बी ठावं न्हवतं," ते म्हणाले. "साक्षी जन्मली तवा तिच्या आईच्या बाजंखाली महिनाभर शेगडी हुती. दार लावून. कौलाचं घर, म्हणून वाचल्या दोघी. आता आमच्याकडं सगळ्यांनी स्लॅब टाकल्यात. शेगड्या त्याच हायत."

 जाताना भाऊसोंनी मला मागून घेतलं.

पलूसला साक्षीच्या आईने, सुलाबाईंनी, मला घरात येऊ दिलं नाही. "ते दारात आणू नका," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. भाऊसोंनी मला शेडमध्ये ठेवलं. थंडी पडायला लागली तसं ते मला घेऊन शाळाशाळांतून जाऊ लागले. मैदानावर मला उभारायचे, मुलांना जमवायचे. पहिल्या शाळेत त्यांनी "माझी मुलगी" एवढे दोन शब्द उच्चारले आणि त्यांना पुढे बोलता येईना. मास्तरांनी पाणी दिलं, तरी येईना.

त्यांनी रंगूबाईंना फोन केला. "तुमी या. मला जमत न्हाई."

रंगूबाई आल्या. त्या बाईने आयुष्यात कधी चार माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. पण त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि जे घडलं ते त्यांनी आपल्या बोलीत सांगितलं. मुलं चिडीचूप ऐकत राहिली. तेव्हापासून भाऊसो मला उभारतात आणि रंगूबाई बोलतात.

मित्रांनो, मलाही तुम्हाला तेच सांगायचं आहे. तंबू असो, गाडी असो, नाहीतर दारं-खिडक्या लावलेली खोली, निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन झोपू नका. थंडी वाजली तर अंगावर आणखी पांघरूण घ्या, एकमेकांना चिकटून झोपा. माझ्यासारख्या तंबूचे झरोके कधी बुजवू नका. आणि घरी कुणी म्हातारं माणूस शेगडी घेऊन निजत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. शेजारी बसून नीट समजावून सांगा.

परवा आम्ही दहिवडीच्या पलीकडच्या एका शाळेत गेलो. माण तालुक्यातली थंडी कोरडी आणि कडक. त्या दिवशी गाडीत भाऊसोंबरोबर सुलाबाईही होत्या. का आल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. "मी गाडीतच बसते," एवढंच म्हणाल्या होत्या.

भाऊसोंनी मला उभारलं. परस्पर एसटीने आलेल्या रंगूबाई बोलू लागल्या. शेगडी दाराशी ठेवली, इथपर्यंत त्या आल्या आणि एकदम थांबल्या. मैदान ओलांडून सुलाबाई येत होत्या. त्या दोघी आजवर एकमेकींसमोर कधी आल्या नव्हत्या.  भाऊसो खाली बघत उभे राहिले.

सुलाबाई मुलांच्या मागे मातीत बसल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"थांबलासा का?" त्या म्हणाल्या. "सांगा की पुढचं. पोरं ऐकत्यात."

रंगूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पुढचं सगळं सांगितलं. सुलाबाई शेवटपर्यंत बसून होत्या. मुलं वर्गात गेल्यावर भाऊसोंनी माझ्या काठ्या काढल्या आणि मी जमिनीवर पसरलो. रंगूबाईंनी माझी दोन टोकं धरली. समोरची दोन सुलाबाईंनी उचलली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या आणि त्यांनी माझी घडी घातली.