उसनं बोट

मधुमेह हा रोग नव्हे, ती चारित्र्याची परीक्षा आहे, असं लक्ष्मीकांत सबनीस नेहमी म्हणत. आत्ताही म्हणाले, आणि बायकोचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसू लागले.

"परीक्षा तुमची आणि बोट माझं?" नलिनीबाई म्हणाल्या.

"आजच्यापुरतं. मोहना फोटोची वाट बघत असेल."

मोहना, त्यांची मुलगी, पुण्यात असते. बापाला साखर निघाल्यापासून दर रविवारी सकाळी तिला उपाशीपोटीच्या आकड्याचा फोटो लागतो, यंत्रासकट. चार वर्षं सबनीसांनी तो अभिमानाने पाठवला. पण काल बडोद्यातच पाणीगेटला पुतण्याच्या साखरपुड्यात बासुंदी होती, वाढणारा ओळखीचा होता, आणि नलिनीबाई पाय जड झालेत म्हणून घरीच राहिल्या होत्या.

"चहा नाही ना झाला?"

"कसला होतोय. दात घासून येते तोवर तुम्ही सुई घेऊन उभे."

विद्यापीठात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या सफाईने त्यांनी बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला आणि निर्धास्तपणे मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. नव्वदच्या आसपास येईल, असा त्यांचा अंदाज होता. गोडाला न शिवणारी बाई.

यंत्राने दोनशे सत्त्याऐंशी दाखवले.

"बोटाला काहीतरी लागलं असणार," ते म्हणाले. "साबणाने हात धुऊन ये."

त्या धुऊन आल्या. दुसरं बोट, नवी पट्टी. दोनशे एक्क्याण्णव.

सबनीसांनी यंत्र उलटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला वेगळं उत्तर असेल.

"पण तू गोड खात नाहीस."

"तुमच्यासमोर नाही खात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? शेजारच्या ज्योत्स्नाबेन मोहनथाळ देतात, सोसायटीत दर पौर्णिमेला सत्यनारायण, दिवाळीत देवळातल्या अन्नकूटाचा डबा वेगळाच. दोघांचं म्हणून देतात. नको म्हटलं तर ऐकत नाहीत, 'आटलुं तो लेवुं ज पडे.' प्रसाद टाकायचा का मग? तुमच्या वाटचं कोण खाणार?"

समा भागातल्या बागेत सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींना सबनीस सांगत, घरात मिठाई येते, डोळ्यांसमोर असते, पण मी हात लावत नाही. "साहेब, तमारो कंट्रोल एटले कंट्रोल," मंडळी म्हणत. ते डबे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घासून पालथे घातलेले दिसत, याबद्दल त्यांना कधी कुतूहल वाटलं नव्हतं. रात्री बायको पाणी प्यायला उठे, त्याला ते बडोद्याचा उन्हाळा म्हणत. डिसेंबरातसुद्धा.

यंत्र चार वर्षं याच जेवणाच्या टेबलावर होतं.

फोन वाजला. मोहनाच.

"तुमचाच आकडा म्हणून सांगा," नलिनीबाई हळूच म्हणाल्या. "बासुंदी खाल्लीत म्हणून ओरडेल जरा. माझं कशाला तिच्या डोक्याला?"

सबनीसांनी स्पीकर लावला.

"बाबा, फोटो?"

"मोहना, आईची साखर तपासली. दोनशे एक्क्याण्णव आहे."

पलीकडून तिने भराभर विचारलं: तहान लागते का, वजन उतरलंय का, पायांना मुंग्या येतात का. नलिनीबाई हो, हो म्हणत गेल्या, शेजारणीबद्दल सांगावं तशा. उद्याच डॉक्टरांकडे जायचं ठरलं.

"पण बाबा, आईची तपासायचं सुचलं कसं तुम्हाला?"

सबनीसांनी वापरलेल्या सुईवर झाकण बसवलं. ते नीट बसलं होतं, तरी पुन्हा दाबलं.

"असंच," ते म्हणाले. "मनात आलं."

"तुम्हाला सांगते, आमच्या ऑफिसात एकीचेही बाबा आईकडे एवढं लक्ष देत नाहीत." तिचा आवाज जरा ओला झाला होता. "आई, नशीबवान आहेस हं तू."

नलिनीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. सबनीस टेबलावरच्या मेणकापडाची फुलं बघत होते.

"हो ना," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बोट सोडत नाहीयेत."

मग त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. कपबश्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त आला नाही, तेच सबनीसांना जड गेलं.

"आणि तुमची किती आली, बाबा?"

आता दुसरं बोट मिळणार नव्हतं. त्यांनी स्वतःचं टोचलं आणि आकडा येईपर्यंत भिंतीकडे तोंड केलं.

एकशे एकवीस आली. मागच्या रविवारपेक्षा चारने कमी.