छोट्या जमादारांचं पिस्तूल

बाबांनी जन्मभर चित्रांत काढलेली पिस्तुलं पुसायचं काम त्यांच्याच लेकीच्या वाट्याला यावं, याला काय म्हणायचं? नशिबाची थट्टा, दुसरं काय!

छोटे जमादार म्हणजे बाबांच्या चित्रकथांचा नायक. दहा वर्षांचं पोरगं, कानांवर येणारी टोपी, हातात पिस्तूल. एके काळी पोरं त्याच्या अंकांवर तुटून पडायची. आता त्याचीच नवी आवृत्ती निघत होती आणि संपादकबाईंचा नियम साधा होता: लहान मुलाच्या हातात बंदूक दिसता कामा नये. पिस्तुलाच्या जागी टॉर्च.

लेक त्याच प्रकाशनात संगणकावर चित्रं दुरुस्त करायची. बाबा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. टॉर्चसमोर हात वर करून लटलट कापणारे दरोडेखोर पाहून त्यांना हसू आवरेना. "डोळे दिपतील म्हणून घाबरलेत लेकाचे!"

पण कुरकुर नाही केली हो त्यांनी. परदेशातला नातू शाळेत हूं की चूं न करता बाकाखाली लपायचा सराव करतो, कोणी बंदूक घेऊन आलंच तर म्हणून. आजोबांनी तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

मग शेवटचं पान आलं. जमादार पुलावर उभे राहून पिस्तूल नदीत भिरकावताहेत. या चित्रापायी मालिका बंद पडली होती. तेव्हाच्या मालकांना बिनपिस्तुलाचा जमादार नको होता.

"एवढं राहू दे गं," बाबा म्हणाले.

लेक तडक बाईंकडे गेली. बाई वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "फेकतोय, कबूल. पण फेकायला आधी हातात हवंच ना? एकदा सूट दिली की नियम कसला उरला?"

परत येऊन लेकीनं पिस्तूल पुसलं, टॉर्च बसवली. बाबा पडद्याजवळ वाकले.

"चांगली टॉर्च नदीत का फेकतोय हा?"

"सेल संपले असतील, बाबा." बोलली खरी, पण तिचंच तोंड कडू झालं.

"जन्मात एकदा अक्कल आली होती गं पोराला," बाबा म्हणाले. "तेवढीच नेमकी पुसलीस."

लेकीनं मान वर केली नाही. पान छपाईला धाडून दिलं.