तरंगत्या बांधाखालून
"पाणी अजून थोडं सोडू का?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हणजे नको. त्यांचं बघणं मला एव्हाना पाठ झालंय.

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींचा लांबलचक पाट आहे. त्यात पाणी वाहतं ठेवायचं, मध्ये सांडलेलं तेल अडवायचा तरंगता बांध घालायचा, बांधामागे तेल ओतायचं आणि ते अडतं का बघायचं, हे माझं काम. पाणी संथ असलं की तेल गुमान अडून बसतं. वेग वाढला की तेलाच्या कडेचे थेंब तुटतात आणि बांधाखालून पसार होतात. ओहोटीला आमच्या खाडीचं पाणी केवढं धावतं, हे साहेबांनाही चांगलं ठाऊक होतं.

आज खाडीत तेलाच्या जहाजांसाठी धक्का बांधणारे पाहुणे आले होते, आणि मासेमारांच्या वतीने माझा दादा. त्याला उभं केलं होतं पार मागे, पंपापाशी. बांध पास झाला की धक्का होणार, तोही दादा ज्या पाण्यावर जगतो त्यातच.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, गेली नोकरी खड्ड्यात! चाक फिरवलं आणि सोडलं पाणी, खाडीत धावतं तसं. मोहरीएवढे काळे थेंब तुटून बांधाखालून निघाले.

पाहुणे मात्र वरच्या फळीवर. थेंब वर येणार ते पाटाच्या पार टोकाला. बांधापलीकडचं पाणी वरून स्वच्छच दिसत होतं.

"वा! एवढ्या जोरातही अडलं की!" एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

"अहो, खाली या, काचेतून बघा!" मी ओरडले.

"बाई भारी उत्साही आहेत," साहेब हसले आणि पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले. मेला लबाड!

काचेसमोर उकिडवा बसला होता तो एकटा दादा.

"पास झालं ना?" त्याने विचारलं.

"झालं. पण तू बघितलंस ना? गावात सांग सगळ्यांना."

"कोणत्या तोंडाने? लोक ही चाचणी मानायला तयारच नव्हते गं. मीच म्हटलं, माझी बहीण आहे तिथे, ती काही खोटं होऊ देणार नाही. तेवढ्यावर हो म्हणाले सगळे."

"अरे, मी वेग वाढवला होता, दादा."

"बघितलं ना. टाळ्याही ऐकल्या."

मला रडू फुटलं. पंप बंद केला आणि त्याला म्हटलं, चल, दोन घास खाऊन घे.

"तू जेव," तो म्हणाला. "मी बसतो इथेच. गावात शिरायला जरा अंधार पडू दे."