गाठ आतल्या बाजूला

माझ्या मावशीचं आणि समोरचीचं भांडण नक्की कशावरून सुरू झालं, हे आता दोघींनाही सांगता येणार नाही. आमच्या शर्टांच्या कारखान्यात मावशी कॉलर बसवते आणि तिच्या समोरच्या मशीनवर जी बसते ती काजं करते. मावशीने तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, म्हणून आमच्या घरात ती समोरचीच. मी तिला काकू म्हणते, पण मावशीच्या माघारी.

आम्ही डोंगराकडचे, त्या किनाऱ्याकडच्या. आमची नाकं बसकी, त्यांची सरळ. आम्ही बोलतो ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नाही, त्या बोलतात ते सगळी मशीनं चालू असतानाही ऐकू येतं. कुणाची माणसं जास्त काटक, एवढ्या एका भांडवलावर दोघींनी अर्धं आयुष्य मजेत भांडून काढलं.

मध्ये समोरचीला छातीचा कॅन्सर झाला. त्यांच्या वस्तीत तपासणीची गाडी येते. त्यांच्या लोकांत हा आजार जास्त, म्हणून गाडी त्यांच्याकडेच जाते. बायका एकमेकींना हाका मारत, लग्नाला निघाल्यासारख्या त्या गाडीत चढतात. तिथेच समोरचीचं निदान झालं. उपचार संपवून ती डोक्याला रुमाल बांधून परत आली आणि मशीनवर बसता बसता म्हणाली, "मी नव्हते तर कॉलरी किती वाकड्या गेल्यात." मावशीने त्या दिवशी घरी येऊन आधी देवापुढे दिवा लावला. मग म्हणाली, "वाचली मेली." आवाजात आनंद होता, पण तो मी ओळखला हे तिला आवडलं नाही.

"आपल्यात नाही हो तो होत," हे मात्र ती कुणालाही सांगायची, बाहेर ऊन पडलंय हे सांगावं इतक्या सहज. खरंच, आमच्या गल्लीत माणसं जायची ती ताप, अशक्तपणा आणि पाठदुखी यांनीच. माझी आई पाठीने गेली. मी तेव्हा इतकी लहान होते की पाठीने माणूस जातो यात मला काही वावगं वाटलं नाही. तेव्हापासून मी पाठीला फार जपते. ताठ बसते, कठीण गादीवर झोपते, थंडीत पाठ शेकते. कारखान्यातल्या बायका मला राणीसाहेब म्हणतात.

त्या थंडीत मावशीला एक बंडी शिवावी म्हणून मी माप घ्यायला गेले. कारखान्यात कापणीचं काम माझ्याकडे आहे, माप घेताना माझी बोटं चुकत नाहीत. टेप छातीवरून फिरवली तसं डाव्या बाजूला काहीतरी टणक लागलं. मावशीने माझा हात झटकला.

"काय गं ते?"

"गाठ."

"कसली?"

"आतल्या कपड्याची. नाडीची."

मावशीने आयुष्यात हाताला लागेल अशी गाठ मारलेली नाही. सुई धरायला शिकवताना तिने मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की गाठ आतल्या बाजूला घ्यायची, लोकांना दिसता कामा नये. त्यामुळे ती खोटं बोलतेय हे मला लगेच कळलं आणि मला कळलं हे तिला.

मी डॉक्टरकडे चल म्हणाले. ती म्हणाली, आपल्यात होत नाही. मी रडले, तिने रुमाल दिला. मी जेवणार नाही म्हणाले, तिने माझ्या वाटणीचंही जेवून टाकलं. "अन्न वाया का घालवायचं?" म्हणाली. मला हसू आलं आणि मग फार भीती वाटली. मला मावशीखेरीज कुणी नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हट्टापायी मरायला निघाली होती. बरं, हट्ट तरी कसला? समोरचीला जो आजार झाला तोच आपल्याला झाला, हे समोरचीला कळू द्यायचं नाही. निदान मला तेव्हा एवढंच वाटलं.

शेवटी मी फितुरी केली. जेवणाच्या सुट्टीत काकूंना गाठून सगळं सांगितलं. काकू आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

"किती दिवस झाले?"

"सांगत नाही."

"दवाखान्यात चल म्हटलं तर ती उठून खिडकीपर्यंतसुद्धा यायची नाही," त्या म्हणाल्या. "बघते मी."

दुसऱ्या दिवशी मशीनं ऐन रंगात असताना काकूंनी आवाज लावला. "मला उद्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात जायचंय, बाई. या खेपेला काही धीर होत नाही. आमच्यातली एकही रिकामी नाही. पण तुला सांगून काय उपयोग? तुम्हा डोंगराकडच्यांना दवाखान्याची पायरी बघूनच घाम फुटतो."

मावशीने मशीन थांबवलं नाही. पण घरी येताना तिची चाल बदलली होती. "घाबरली बघ ती," मला म्हणाली. "मी जाते तिच्याबरोबर. कुणीतरी धीर द्यायला हवा ना. तूही चल, उगाच ती चक्कर येऊन पडली तर उचलायला." इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

दवाखान्याच्या भिंतीवर तपासणीची चित्रं लावलेली होती. त्यांतल्या सगळ्या हसऱ्या बायकांची नाकं सरळ. मावशीने एकेक चित्र जवळ जाऊन पाहिलं. "बघ," माझ्या कानात म्हणाली, "आपलं एक तरी थोबाड आहे का?" खरंच नव्हतं. मला ते पहिल्यांदाच खटकलं.

नर्सने काकूंचं नाव पुकारलं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या. मग नर्सने मावशीचं नाव पुकारलं.

"माझं काय काम?" मावशी म्हणाली.

"मीच दिलंय नाव," काकू म्हणाल्या. "मी भीत भीत का होईना जाऊन आले. आता तू जातेस, की मी कारखान्यात जाऊन सांगू कोण घाबरलं ते?"

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरची चित्रं न्याहाळू लागले. पण ती उठली. थोड्या वेळाने पडद्याआडून तिचा आवाज आला, "हा गाऊन शिवलाय कुणी? एक टाका धड नाही." तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सगळ्या तपासण्यांचे निकाल ऐकायला आम्ही तिघी गेलो. काकूंना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आल्या. डॉक्टरीणबाई समजावून बोलणाऱ्या होत्या. "कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या, "पण गाठ लहान आहे. वेळेवर आलात. बऱ्या व्हाल अशी मला खूप आशा आहे."

"आमच्या लोकांत हा होत नाही," मावशी म्हणाली.

"कमी होतो, हे खरंय. पण तुमच्याकडच्या बायका माझ्याकडे येतात त्या फार उशिरा. यांच्याकडे जास्त जणींना होतो आणि जास्त जणी बऱ्या होऊन घरी जातात."

यावर काकूंना जन्मभराचा विजय साजरा करता आला असता. त्यांनी पदराने चष्मा पुसला, बस्स.

"घरात आणखी कुणाला झाला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," मीच उत्तर दिलं. हा प्रश्न मला अगदीच सोपा होता.

मावशी खाली मान घालून काहीतरी बोलली. डॉक्टरीणबाईंना ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं.

"हिच्या आईला," मावशी म्हणाली. "माझ्या थोरल्या बहिणीला. ती म्हणाली कुणाला सांगू नकोस, पोरीच्या पाठी हे नाव लागेल, घरात हा आजार आहे म्हणून तिला कुणी करून घेणार नाही. पुढे ते पाठीत उतरलं, मग आम्ही पाठच म्हणत राहिलो." जरा थांबून ती म्हणाली, "माझ्या गाठीला मी नव्हते भीत. तिचा दोरा हिच्यापर्यंत जातो ना."

मला राग आला. खूप आला. इतकी वर्षं मी पाठ शेकत बसले होते. त्या रागातच माझ्या लक्षात आलं, की 'आपल्यात होत नाही' हे मावशी जे जगाला सांगत सुटली होती ते जगासाठी नव्हतंच. मी घाबरू नये म्हणून होतं. मग मला रडू फुटलं. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तीच एक जागा निघाली जिथे मला काही झालेलं नव्हतं.

"माझं नंतर बघा," मावशी डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आधी हिचं नाव लिहून घ्या. आईचं काय होतं तेही लिहा, खरं."

मग ती माझ्याकडे वळली. "दरवर्षी यायचं. मी असले तरी आणि नसले तरी. एक वर्ष चुकवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

हे ती एवढ्या मोठ्याने बोलली, की बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांनाही ऐकू गेलं.