सेनगावचा तवा हंगेरीत

मित्रांनो, तुमच्या घरातल्या त्या गुळगुळीत नॉनस्टिक पोरट्यांना आधी जरा बाजूला ठेवा. लोखंडी उलथणं लागलं तरी ज्यांचं कातडं सोलतं, त्यांना मी तवा म्हणत नाही. तवा मी आहे. जुना, जाड, काळा आणि परदेशात राहून आलेला.

जवळा बाजारच्या दस्तगीर लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं. बाजाराच्या दिवशी सेनगावच्या मंजुळाबाईनं मला टिचकी मारून बघितलं.

"आवाज बराबर हाय," ती म्हणाली.

"आवाज काय ऐकता बाई, भाकर टाकून बघा," दस्तगीर म्हणाला. "तुमची नात बी ह्याच्यावरच भाकर करन."

तेव्हापासून मी मंजुळाबाईच्या चुलीवर. माझ्यावरची ज्वारीची भाकर अशी टम्म फुगायची की शेजारणी मला उसना मागायला यायच्या. मला माझा अभिमान आहे. असायलाच पाहिजे!

मंजुळाबाईची लेक प्रतिक्षा. उंच, अगदी दाराला डोकं लागेल एवढी. ती व्हॉलीबॉल खेळायची, आणि गावातले रिकामटेकडे पारावर बसून दात काढायचे. "हिला हार घालायला नवरदेव शिडी घेऊन येईन काय रे?" स्वतःला उठून पाण्याचा तांब्या घेता येत नाही, आणि हे दुसऱ्याची उंची मोजणार!

मग एक दिवस हंगेरीच्या एका क्लबनं प्रतिक्षाला खेळायला बोलावलं. पगार देऊन! आता पारावर नवीन चर्चा.

"हंगेरी म्हणजे हिंगोलीच्या पुढं का?"

"तिथं यष्टी जाती का पण?"

काय बोलणार अशा लोकांपुढं?

मंजुळाबाईनं मला साडीत गुंडाळून बॅगेत घातलं. "तिथलं काई खाऊ नको माय. काय घालतेत काय म्हाईत. हा तवा हाय, पीठ हाय, चटणी हाय." प्रतिक्षानं मान डोलावली. विमानतळावरच्या साहेबांनी मला हत्यार समजून उलटंसुलटं करून बघितलं. तव्याला न ओळखणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

क्लबनं प्रतिक्षाला इलोना नेनी नावाच्या म्हातारीच्या घरात वरची खोली दिली. नेनी म्हणजे आपल्याकडची मावशी. आणि तिथलं खाणं? चेरीचं सूप, तेही गार! म्हणजे फळाची आमटी करायची आणि ती गरम करायची विसरायची. एका घराच्या भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा बघून प्रतिक्षा आनंदानं उडालीच. बाजारातून तिनं मिरचीपूड आणली, जिभेवर ठेवली, आणि तिचं तोंड पडलं. मिरची गोड होती. गोड मिरची! मिरचीचा एवढा अपमान मी कुठं बघितला नव्हता.

म्हणून ती माझ्यावर भाकरी करायची आणि चटणीशी खायची. मला बरं वाटायचं. पण पीठ काय जन्मभर पुरतं? ते संपलं. मग ती पाव आणि चटणी खाऊ लागली, मग नुसता चहा. गालफडं बसली. नेटच्या वर जाणारा तिचा हात नेटच्या खाली राहू लागला. प्रशिक्षकानं तिला समोर बसवून फोनवर भाषांतर करून सांगितलं, "पुढच्या सामन्यात अशीच उडी मारलीस, तर संघात तुझी जागा नाही." प्रतिक्षा त्या दिवशी खोलीत येऊन माझ्याकडं बघत बसली. मी तरी काय करणार? पिठाशिवाय तवा म्हणजे नुसतं लोखंड.

आता खरी गंमत ऐका. प्रतिक्षानं त्यांच्या भाषेतला एक शब्द पाठ केला होता, 'योवोक'. म्हणजे 'येते'. रोज सकाळी सरावाला निघताना ती ऐटीत नेनीला म्हणायची, "योवोक!" आणि संध्याकाळपर्यंत गायब.

एका सुट्टीच्या शनिवारी भर दुपारी नेनी हातात पळी घेऊन धाडधाड जिना चढून आली. लालबुंद. ती फोनमध्ये ओरडली आणि फोन पुस्तकी मराठीत म्हणाला, "आपण दररोज सकाळी असत्य का बोलता?"

प्रतिक्षा घाबरली. "म्या काय खोटं बोलले?"

"आपण म्हणता, येते. मी सूप गरम करते. आपण येत नाही. सूप थंड होते. मी पुन्हा गरम करते."

नाव प्रतिक्षा, आणि वाट बघायला लावली दुसरीला! प्रतिक्षा हसावं की रडावं अशा तोंडानं फोनमध्ये बोलली, "नेनी, आमच्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत न्हाईत. ते अशुभ असतंय. जातं ते मेलेलं माणूस. म्हणून 'येते' म्हणायचं."

नेनीनं ते ऐकून कपाळाला हात लावला. फोन म्हणाला, "मरताना मला वेगळे सांगा. आज घरी आहात ना? मग खाली येऊन बसा."

बसली! राजम्याचं लालभडक सूप, त्यात गाजर, वर आंबट सायीचा गोळा. प्रतिक्षानं त्यावर सेनगावची मिरचीपूड भुरभुरली, पाव कुस्करला आणि वाटीवर वाटी रिचवली. नेनीनं ती पूड चिमूटभर चाखली आणि नळाकडं धावली. फोन खोकत म्हणाला, "तुमच्या गावात माणसे जिवंत आहेत का?"

पुढं मात्र प्रतिक्षा रोज दुपारी खरंच जेवायला येऊ लागली. कोंबडीचा रस्सा, बटाटे, लसूण लावलेली तळलेली पुरीसारखी रोटी. गालफडं भरली. मला कोण विचारतो? नेनीनं मला खाली नेलं आणि माझ्यावर पातळ धिरडी घातली. त्याला म्हणतात पालाचिंता. नावातच चिंता! वर जर्दाळूचा जॅम. भाकरीच्या तव्यावर जॅम! आणि कहर म्हणजे माझा काळा रंग तिला मळ वाटला. साबण लावून तारेनं घासघासून तिनं मला ओलाच ठेवला. सकाळी मी गंजलो होतो.

सामन्याला मात्र ती मला घेऊन गेली, प्रेक्षकांत बसून पळीनं बडवायला. म्हणून मी स्वतः बघितलं. शेवटचा सेट, बरोबरीचे गुण. चेंडू वर गेला आणि प्रतिक्षा अशी उडाली की समोरच्या दोघींचे हात तिच्या कोपराखाली राहिले. धाडकन! नेनी मला बडवत नाचली. प्रशिक्षकानं तिथंच सांगितलं, पुढचा हंगामही तू आमच्याकडंच.

उन्हाळ्यात आम्ही सेनगावला आलो. लगेच सत्कार, आणि मलाही स्टेजवर मांडलं! पारावरचेच सगळे आता पहिल्या रांगेत. एका पुढाऱ्यानं मला गंजासकट उचललं, झेंडूचा हार घातला आणि गरजला, "ह्या तव्यावरच्या भाकरीनं हंगेरी जिंकली!" टाळ्या.

प्रतिक्षानं माईक घेतला. "भाकर तर कवाच संपली होती," ती म्हणाली. "उपाशी मरून राहिले होते मी. इलोना नेनीनं रोज वाढलं, म्हणून उडी मारली."

टाळ्या थांबल्या. पुढारी माझ्याकडं असं बघू लागला, जशी मीच चुगली केली. फक्त मंजुळाबाई खालून डोळे पुसत ओरडली, "बरं झालं माय, जेवलीस ते!"

मी अजून स्टेजवरच्या टेबलावर पडून आहे आणि हाराचं पाणी माझ्या गंजावर ठिबकतंय. मित्रांनो, तुमची शाल, श्रीफळ, भाषण तुमच्याजवळच ठेवा. खेळणाऱ्या पोरीला हार नको, पोटभर वाढा. आणि मलाही हार नको. कोणीतरी उठा आणि बोटभर तेल लावा.