चौथी सूचना
मंगळवारी सकाळी दहा चाळीसला ओमाहाच्या रक्तपेढीत मार्लिस व्रानाने संगणकावर एका रक्तदात्याचा क्रमांक टाकला. त्याचं रक्त सदोष निघालं होतं. ते ज्या चार रुग्णालयांत गेलं होतं, त्यांना पिशव्या थांबवण्याची सूचना जायची होती. पडद्यावर ‘पूर्ण’ असं आलं.

प्रत्यक्षात तीनच सूचना गेल्या. चौथ्या रुग्णालयाची नोंद त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी उघडली होती, म्हणून ती अडली, आणि सूचना पाठवणारी मार्लिसची नवी प्रोसिजर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, ती सोडून पुढे गेली. बारा वाजता हे तिच्या सहकाऱ्याच्या, ड्वेन क्लोस्टरच्या, लक्षात आलं.

“सूचना पाठवणारा माझा जुना मॅक्रो एक अडलं की सगळंच थांबवायचा,” तो म्हणाला. “निदान बोंब तरी झाली असती.”

“एकापायी बाकीची रुग्णालयं ताटकळायची, म्हणूनच मी तो बदलला. मंजुरीची सही तुझीच आहे, ड्वेन.”

“तू आणलेली गोड कोलाची पावं खाऊन केली होती.”

मार्लिस हसली नाही. तिने चौथ्या रुग्णालयाला फोन लावला.

पिशवी अकरा पंचावन्नला फ्रीजमधून वॉर्डात गेली, असं परिचारिकेने सांगितलं. रुग्णाला लावली का, ते बघायला ती गेली. बारा वाजून नऊ मिनिटांनी फोन अजून चालू होता.