पश्चिमेच्या पट्टीतली झारी

मित्रांनो, गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यामागे, पाण्याच्या टाकीला टेकून एक गंजलेली झारी पडली आहे. ती मीच. जुन्या नाशकातल्या एका पत्रेवाल्याने जस्ती पत्रा ठोकून मला घडवले आणि सांध्यांना कथलाचा डाग दिला. मग पाणी भरून कुठे थेंब पाझरतो का ते पाहिले आणि मला दुकानाबाहेर टांगले. तो नव्वदच्या दशकाचा सुरुवातीचा काळ होता.

मला विकत घेतले ते मोहिनीबाईंनी. त्यांनी माझा तळ वाजवून पाहिला, तोटीत बोट घातले, पुन्हा पाणी भरायला लावले. त्या पत्रेवाल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तसा तो फारसा कुणावरच नव्हता.

मोहिनीबाई निफाडकडच्या शेतकरी घरातल्या. पती धनराज यांची नोकरी नाशकात होती, म्हणून त्यांनी इथे नवा बंगला बांधला. बंगल्याचे तोंड पश्चिमेला. फाटक आणि व्हरांडा यांच्यामध्ये मातीची एक लांबट पट्टी होती. सकाळी तिच्यावर घराची गार सावली पडे. ती बघून मोहिनीबाईंनी तिथे गुलाब, शेवंती आणि रुंद पानांचे क्रोटन लावले. रोज सकाळी मला भरून त्या पाणी घालत आणि मग घरात कामाला लागत. दुपारी त्या पट्टीकडे कोणी फिरकत नसे.

चैत्र लागला आणि झाडे एकेक करून करपली. पाणी वेळेवर, खत शेणाचे, तरीही पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी. मोहिनीबाईंच्या मनात संशय शिरला, आणि तो शिरायला जागा आधीच तयार होती.

शेजारच्या बंगल्यात अक्काबाई एकट्या राहत. त्यांचे यजमान एस.टी.त होते, ते वारले होते. कुंपणाची भिंत बांधताना ती आपल्या हद्दीत आली अशी तक्रार अक्काबाईंनी केली होती. त्यावरून जरा बोलाचाली झाली होती. आता मोहिनीबाईंना आठवले की, एका दुपारी अक्काबाई भिंतीच्या बुडाशी बादली ओतताना त्यांना दिसल्या होत्या. भर दुपारी बादली कशाला? त्यात मीठ असेल, नाहीतर धुण्याचा सोडा.

त्या दिवसापासून माझ्यावरही पाळत आली. पाणी भरण्याआधी मोहिनीबाई माझा वास घेत. मला राखेने घासत. काम झाले की मला उचलून थेट स्वयंपाकघरात ठेवत, कुणी माझ्यात काही मिसळू नये म्हणून. धनराज एकदा म्हणाले, की आधी माती तपासून बघ. पण त्यांना माणसे ओळखता येत नाहीत, असे त्यांना ऐकवण्यात आले. मग भिंत उंच झाली आणि तिला पांढरा चुना लागला.

पुढच्या वर्षी नवी रोपे आली, आणि ती आधीच्यांपेक्षा लवकर गेली. संक्रांतीचे वाण शेजारी गेले नाही. तिकडूनही आले नाही. अक्काबाई नजर वर करून बघेनाशा झाल्या. नंतर दूधवालीकडून कळले की, अक्काबाई घर विकून विंचूरला भावाकडे जाणार आहेत. बघायला माणसेही येऊ लागली. मोहिनीबाईंना वाटले, पकडले जायच्या आत निघाल्या.

त्यांनी शेवटचा एक गुलाब आणून लावला आणि शेजारीण जाण्यापूर्वी तिला रंगेहाथ धरायचे ठरवले. वैशाखातल्या एका दुपारी त्या व्हरांड्यात स्टूल टाकून बसल्या. मी पट्टीच्या कडेला, पाण्याने भरलेली.

कोणी आले नाही. सावली मात्र हळूहळू सरकत गेली आणि ऊन थेट पट्टीवर उतरले. चुन्याच्या भिंतीवरून ते दुपटीने परतत होते. माझा पत्रा इतका तापला की, मोहिनीबाईंनी मला उचलताच त्यांचा हात भाजला. मी आडवी पडले. माझ्यातले पाणी त्यांच्या पायावर सांडले, तेही कढत होते. समोर गुलाबाचा शेंडा मान टाकत होता. जवळपास चिटपाखरू नव्हते.

त्यांनी गुलाबापाशी माती उकरली. वर बोटभर माती, खाली नुसता मुरूम, विटांचे तुकडे आणि वाळलेले सिमेंट. मग त्यांनी पदराने माझी दांडी धरून मला उचलले आणि त्या शेजारच्या फाटकातून आत गेल्या.

दार उघडताच अक्काबाई सावध झाल्या. त्यांनी आत या म्हटले नाही.

"अक्का, त्या दुपारी तुमच्या बादलीत काय होतं?" मोहिनीबाईंनी विचारले.

"पाणी होतं. माझी अबोली सुकत चालली होती."

अक्काबाईंनी त्यांना भिंतीच्या आपल्या बाजूला नेले. तिथेही वाळक्या काड्यांची रांग होती. दोन्ही घरांच्या पट्ट्या एकाच उन्हात भाजत होत्या, आणि मधल्या भिंतीमुळे एकीला दुसरीचे काही दिसत नव्हते.

"मला वाटायचं, तूच काहीतरी टाकतेस," अक्काबाई म्हणाल्या. "भिंत वाढवलीस तेव्हा तर खात्रीच झाली. म्हणून घर विकायला काढलं."

मोहिनीबाई म्हणाल्या, "विकू नका, अक्का. एक उन्हाळा थांबा."

अक्काबाई थांबल्या. मित्रांनो, दोघींचा संशयी स्वभाव काही गेला नाही, पण आता तो रोपांवर वळला. भर दुपारी छत्री घेऊन त्या हिंडल्या आणि कुणी पाणी न घालताही काय हिरवे आहे ते पाहिले. कुणाच्या कुंपणावर बोगनवेल, रस्त्याकडेला कण्हेर, पायरीच्या फटीत सदाफुली, कडक जमिनीत पांढरा चाफा. रोपवाटिकेतला माणूस प्रत्येक रोप उन्हात चालेल म्हणू लागला, तेव्हा अक्काबाईंनी विचारले, "मग जाळीच्या सावलीत कशाला ठेवलंय?" तो हसला आणि मागच्या उघड्या वाफ्यातली रोपे दाखवू लागला. दोघींनी प्रत्येक पान चाचपले. जाड आहे का, लहान आहे का, एका हंगामात संपणारे तर नाही ना, याची उलटतपासणी केली. कण्हेर विषारी, म्हणून ती मुलांचा हात पोचणार नाही अशी मागच्या बाजूला ठरली.

मुरूम काढून माती भरली. भिंतही पूर्वीइतकी खाली आली. पाऊस सुरू झाला तशी रोपे दोन्ही पट्ट्यांत लागली, आणि पावसाळा सरल्यावर माझे सर्वांत चांगले दिवस आले. काटक झाडांनाही मुळे खोल जाईपर्यंत पाणी लागते. मी भिंतीवरून या घरातून त्या घरात जाऊ लागले.

तरी एक सदाफुली पिवळी पडून मेलीच. मोहिनीबाईंची नजर क्षणभर शेजारच्या खिडकीकडे गेली. मग त्यांनी रोप उपटून पाहिले. मुळे कुजली होती. दुसरी पाणी घालायला विसरली असेल, या शंकेने दोघी एकमेकींना न सांगता तिला पाणी पाजत होत्या. त्या दिवशी मी दोघींना पहिल्यांदा एकत्र हसताना ऐकले.

वर्षे गेली. दोन हजार साल उलटेपर्यंत चाफा फाटकाहून उंच झाला, बोगनवेलीने भिंत झाकली. अक्काबाई अजून तिथेच आहेत. झाडांना माझी गरज उरली नाही, कधीमधी लागते ते पाणी रबरी नळीने दिले जाते. माझा तळ गंजला, तोटीची चाळणी गळून पडली. कधी कधी वाईट वाटते. पण ज्या कामासाठी मला घडवले ते इतके नीट झाले की ते संपले, असे किती जणांच्या वाट्याला येते?

मित्रांनो, झाड आणण्याआधी त्याच्या जागेवर एकदा भर दुपारी उभे राहा. तिथल्या उन्हाला सोसेल असेच रोप निवडा आणि पहिले वर्ष त्याला जपा. एवढे करूनही काही वाळले, तर आधी मूठभर माती उचलून बघा. माणसाचे नाव त्यानंतर घ्या.